झाडे मोजली, जमीन झाकली का?

वर्धा हे नाव आपण शहराला देतो, जिल्ह्याला देतो. पण मुळात ते नदीचे नाव आहे. मुलताईच्या पठारावर उगम पावलेली ही नदी आपल्या जिल्ह्याची पश्चिमेकडची शीव धरून वाहते, पुढे यवतमाळ आणि चंद्रपूरच्या मधून जाते आणि वैनगंगेला मिळून प्राणहिता होते. भूगर्भशास्त्राच्या पुस्तकांत याच नदीचे नाव एका कोळसापट्ट्याला दिलेले आहे: वर्धा खोऱ्याचे कोळसाक्षेत्र. गंमत अशी, की त्या खाणी वणी, घुग्घुस, माजरी, राजुरा, बल्लारपूर या बाजूला आहेत. वर्ध्याच्या वाट्याला आले ते नाव. पण नाव आपले असेल, तर त्या नावाखाली काय चालते याची चौकशी आपण करायला हवी.

या नावाचा इतिहास दीडशे वर्षांचा आहे. १८७० च्या दशकात वरोऱ्याला कोळशाची खाण सुरू झाली आणि तो कोळसा आणण्यासाठी वर्ध्याहून हिंगणघाटमार्गे वरोऱ्यापर्यंत लोहमार्ग टाकला गेला. हिंगणघाटचा कापूस आणि वरोऱ्याचा कोळसा एकाच रुळांवरून वर्ध्याला येऊ लागला. वरोऱ्याची खाण १९०६ मध्ये बंद झाली, काम बल्लारपूरकडे सरकले. त्या काळच्या या खाणी जमिनीखालच्या होत्या. विहिरीसारखे खोदत खाली जायचे, आत बोगदे काढायचे. वरची जमीन बहुतांशी आपल्या जागी राही.

चित्र बदलले ते उघड्या खाणींमुळे. १९७३ मध्ये कोळसा खाणींचे राष्ट्रीयीकरण झाले. १९७५ मध्ये वेस्टर्न कोलफील्ड्स ही कंपनी स्थापन झाली, तिचे मुख्यालय नागपूरला. पुढच्या दशकांत वर्धा खोऱ्यात मोठमोठ्या उघड्या खाणी वाढत गेल्या. उघड्या खाणीत कोळशाला हात लावण्याआधी त्याच्यावरचे सगळे उचलावे लागते: काळी माती, मुरूम, चिकणमाती, वाळूचा खडक. त्याला ओव्हरबर्डन म्हणतात. खाणीतले कामगार नुसते 'ओबी' म्हणतात. वर्ध्याहून बल्लारशाकडे जाणाऱ्या गाडीत खिडकीशी बसलात, तर त्या सपाट मुलखात मधेच टेकड्या दिसू लागतात. नवख्या माणसाला वाटते, हा एखाद्या डोंगररांगेचा फाटा असावा. त्या टेकड्या निसर्गाच्या नाहीत, डंपरच्या आहेत.

या टेकड्या म्हणजे उलटी रचलेली जमीन. जी माती तयार व्हायला हजारो वर्षे लागली, ती वेगळी जपून ठेवली नाही तर सर्वांत आधी निघते आणि सर्वांत खाली गाडली जाते. ज्या खडकाने कधी सूर्य पाहिला नव्हता, तो वर येतो. त्यात कुजलेला पाला नाही, गांडूळ नाही, गवताचे बी नाही. अशा उघड्या उतारावर आपल्याकडचा पाऊस पडतो. वर्ध्याच्या परिसरात वर्षाला सरासरी हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. एकेका संध्याकाळी तो असा कोसळतो, की ढिगाऱ्याच्या अंगावर बोटभर रुंदीच्या रेघा उठतात. पुढच्या पावसात त्या रेघांच्या घळी होतात. घळीतून निघालेला गाळ आधी नाल्यात, मग शेजारच्या शेतात आणि शेवटी नदीत जातो.

ढिगारा एकदम कोसळला तर बातमी होते. २१ ऑक्टोबर १९६६ रोजी ब्रिटनमधल्या वेल्समध्ये अॅबरफॅन या गावी कोळसा खाणीच्या कचऱ्याचा ढीग पावसापाण्याने सैल होऊन घसरला आणि शाळेवर आला. १४४ माणसे गेली, त्यांत ११६ मुले होती. सगळे जग हळहळले. धुपेचे तसे नाही. ती दर पावसाळ्यात थोडी थोडी खाते. शेताच्या बांधाशी वीतभर पांढरी चिकणमाती येऊन बसते, विहिरीचे पाणी गढूळ होते, नाल्याचा तळ वर येतो. पंचनामा कशाचा करायचा हेच कळत नाही. म्हणून धुपेला माप लागते. ज्या नुकसानीचा आवाज होत नाही, त्याची निदान नोंद तरी व्हायला हवी.

मी काही खाण अभियंता नाही. कविता लिहिणारा माणूस आहे. शब्दांच्या वाटेने या विषयाकडे आलो. आमच्या घरातल्या उर्दूत 'सब्ज़ा' असा एक शब्द आहे. मराठीत सब्जा म्हणजे फालुद्यात घालायचे बी; उर्दूत सब्ज़ा म्हणजे जमिनीला बिलगून असलेली हिरवळ. झाडाला कोणी सब्ज़ा म्हणत नाही. मराठीतही 'हिरवळ' म्हटले की डोळ्यांपुढे गवत येते, साग नाही. भाषेला हा फरक ठाऊक आहे. आपल्या सरकारी कागदांना तो फार उशिरा कळला, आणि या विषयाचा इतिहास म्हणजे मुख्यतः त्या उशिराचा इतिहास आहे.

आधी धूप कशी होते ते पाहू. पूर्वी समज असा होता, की वाहते पाणी माती नेते. १९४० च्या दशकात अमेरिकेत एलिसन नावाच्या संशोधकाने दाखवून दिले, की खरी सुरुवात थेंबापासून होते. वरून आलेला थेंब उघड्या मातीवर आदळतो, ढेकूळ फोडतो, कण उडवतो. पाणी नंतर येते आणि मोकळे झालेले कण घेऊन जाते. ऱ्होडेशियात, म्हणजे आजच्या झिंबाब्वेत, नॉर्मन हडसन यांनी १९५० च्या दशकात एक साधा प्रयोग सुरू केला. शेजारीशेजारी दोन उघडे वाफे घेतले. एक तसाच ठेवला. दुसऱ्यावर, जमिनीपासून थोडी वर, मच्छरदाणीची जाळी ताणून बसवली. पाऊस दोन्हींवर तेवढाच पडत होता, उतारही सारखाच. जाळीतून पाणी खाली जात होते, फक्त थेंबाचा मार निघून गेला होता. दहा वर्षांच्या मोजमापात उघड्या वाफ्यावरून गेलेली माती जाळीखालच्या वाफ्याच्या शंभरपटीहून अधिक भरली.

गवत म्हणजे निसर्गाची मच्छरदाणी. ती जमिनीपासून वीतभर उंचीवर ताणलेली असते, म्हणून तिच्यावरून गळालेल्या थेंबाला पुन्हा वेग घ्यायला जागाच मिळत नाही. उंच झाडाचे तसे नाही. आपल्या विदर्भात सागाची बने भरपूर. सागाचे पान रुंद. त्यावर बारीक थेंब गोळा होऊन मोठा थेंब बनतो आणि आठ-दहा मीटरवरून खाली येतो, तोवर त्याने पुन्हा चांगला वेग घेतलेला असतो. खाली पाला किंवा गवत असेल तर काही बिघडत नाही. पण पाला जळून गेलेला असेल आणि गवत नसेल, तर झाड डोक्यावर असूनही पायाखालची माती जाते. म्हणूनच सागाच्या उजाड बनात मुळ्या उघड्या पडलेल्या दिसतात. झाड नको असा याचा अर्थ नाही. झाडाची मुळे खोलवर जाऊन उतार धरतात, ती हवीतच. पण वरची कातडी धरायचे काम गवताचे.

आता आपले नियम काय मोजत आले ते पाहा. १९८८ च्या खनिज संवर्धन आणि विकास नियमांत मँगेनीजसारख्या खनिजांच्या खाणींना सांगितले होते, की खाणकामात जितकी झाडे जातील त्याच्या किमान दुप्पट लावा. इतर वनस्पतींबद्दल काय? तर त्या शक्य तितक्या पुन्हा आणा. झाडाला आकडा मिळाला आणि गवताच्या वाट्याला 'शक्य तितके' हे दोन शब्द आले. पुढे कोळसा खाणींच्या पर्यावरण मंजुरीपत्रांत अटी अधिक नेमक्या झाल्या. ढिगाऱ्याचा उतार २८ अंशांपेक्षा जास्त नको, पायथ्याशी पाणी अडवणारी चर आणि गाळ बसण्यासाठी टाके हवे, देशी झाडे लावावीत, हेक्टरी सुमारे २५०० रोपे असावीत. वनस्पती स्वतःच्या बळावर टिकेपर्यंत देखरेख चालू ठेवावी, असेही अनेक पत्रांत आहे. हे वाक्य चांगले आहे. पण 'स्वतःच्या बळावर' म्हणजे किती, हे कोणी मोजायचे आणि कशाने, ते त्या वाक्यात नाही.

हेक्टरी २५०० रोपे म्हणजे दोन मीटरवर एक रोप. रोपाभोवती हातभर आळे हिरवे धरले, तरी मधली सगळी जमीन उघडीच. कागदावर अट शंभर टक्के पूर्ण, आणि जमिनीवर थेंबाला रान मोकळे. त्यात भर म्हणून अनेक ठिकाणी ऑस्ट्रेलियन बाभूळ लावली गेली. ती झपाट्याने वाढते, बाराही महिने हिरवी दिसते, पाहणीला आलेल्या साहेबाचे समाधान होते. पण तिचा पाला लवकर कुजत नाही आणि खाली दुसरे काही उगवणे अवघड जाते. गाईबैलाला तर तिचा काही उपयोग नाही.

हा प्रश्न जगात इतरत्र कसा हाताळला गेला? ३ ऑगस्ट १९७७ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष जिमी कार्टर यांनी उघड्या कोळसा खाणींसाठीच्या कायद्यावर सही केली. त्या कायद्याखालच्या नियमांनी प्रश्नच बदलला. किती झाडे लावली असे न विचारता, जमिनीचा किती भाग झाकला गेला असे विचारले. शेजारची न खोदलेली जमीन नमुना म्हणून घ्यायची, किंवा आधी मंजूर केलेला मापदंड घ्यायचा, आणि खाणीच्या जमिनीवरचे आच्छादन निदान त्याच्या ९० टक्के भरले पाहिजे. एकदा भरले म्हणून सुटका नाही. जिथे वर्षाला २६ इंचांहून, म्हणजे साधारण ६६० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तिथे कंपनीची जबाबदारी पाच वर्षे. त्याहून कोरड्या मुलखात दहा वर्षे. तोवर तिने ठेवलेली हमीची रक्कम पूर्णपणे मोकळी होत नाही. कायदा आला म्हणून तिथले सगळे डोंगर बरे झाले असे मुळीच नाही. पण वाद घालायला एक आकडा तरी हातात आला.

आपल्याकडे ज्ञान नव्हते असे म्हणता येणार नाही, कारण ते वर्ध्याच्या दाराशीच होते. नागपूरच्या नीरी या संस्थेत डॉ. आशा जुवारकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नागपूर जिल्ह्यातल्या गुमगाव येथील मँगेनीज खाणीच्या ओसाड ढिगाऱ्यावर काम केले. तिथल्या मातीत सेंद्रिय अंश जवळजवळ नव्हताच. त्यांनी साखर कारखान्यातून निघणारा प्रेसमड त्यात मिसळला. मुळांशी सहजीवन करणारी बुरशी, हवेतला नत्र धरणारे रायझोबियम आणि अॅझोटोबॅक्टर हे जिवाणू रोपांच्या मुळांना दिले. म्हणजे आधी माती जिवंत केली आणि मग तिच्यात झाड लावले. पुढे याच पद्धतीने चंद्रपूरजवळच्या पद्मापूर कोळसा खाणीच्या ढिगाऱ्यावरही काम झाले. कारखान्याचा कचरा आणि डोळ्यांना न दिसणारे जीव, या दोन गोष्टींनी तिथे हिरवे रान उभे केले. या कामाने शिकवले ते एवढेच, की ढिगाऱ्यावर झाड लावणे हे शेवटचे काम आहे, पहिले नव्हे.

मोजण्याची साधनेही आली. २००८ पासून कोल इंडियाच्या मोठ्या उघड्या खाणींची उपग्रहावरून पाहणी होऊ लागली. किती क्षेत्र नुसते भरून सपाट केले आणि किती क्षेत्रावर वनस्पती आली, हे वेगळे दाखवले जाऊ लागले. २००९ मध्ये कोळसा मंत्रालयाने खाण बंद करण्याची मार्गदर्शक तत्त्वे काढली. उघड्या खाणीसाठी दर हेक्टरी सहा लाख रुपये या त्या वेळच्या दराने हिशेब करून रक्कम वेगळ्या खात्यात ठेवायची आणि काम होईल तशी ती परत मिळायची. ही मोठी पावले होती. तरी उपग्रह वरून पाहतो. त्याला झाडाचा शेंडा दिसतो. शेंड्याखाली गवत आहे की घळ, हे त्याला सांगता येतेच असे नाही. त्यासाठी माणसाने उतारावर चढावे लागते.

मग ८ जानेवारी २०२० हा दिवस आला. सर्वोच्च न्यायालयात, मूळचे नागपूरचे तत्कालीन सरन्यायाधीश शरद बोबडे यांच्या खंडपीठाने एका जनहित याचिकेत आदेश दिला: खाणकाम संपल्यावर भाडेपट्टाधारकाने त्या जमिनीवर पुन्हा गवत आणावे आणि ती चारा, वनस्पती, प्राणी यांच्या वाढीला योग्य करावी, खर्चही त्यानेच करावा. ही अट खाणपट्ट्यात, पर्यावरण मंजुरीत आणि खाण आराखड्यात घालावी, असेही सांगितले. इतक्या वर्षांत गवत हा शब्द प्रथमच एवढ्या ठळकपणे पुढे आला. चारा हा शब्द आला म्हणजे त्याच्यामागून गाय आली आणि गाईमागून गुराखीही आला. मात्र किती गवत, कोणत्या महिन्यात आणि किती वर्षे, हे आकडे त्या आदेशात नाहीत. ते ठरवणे उरले आहे.

इथे मला मगनवाडी आठवते. वर्ध्याच्या मगनवाडीत बसून जे. सी. कुमारप्पांनी अर्थशास्त्राची एक वेगळी मांडणी केली. कोळसा आणि तेल म्हणजे साठा, तो काढला की संपतो. जंगल, नदी, शेत म्हणजे वाहता झरा. नीट वापरला तर चालत राहतो. खाणीने साठा उचलला हे आपण एका वेळी मान्य करू, वीज सगळ्यांनाच हवी. पण मागे उरलेली जमीन झऱ्याच्या हिशेबात परत यायला हवी. ती परत आली की नाही, याची पावती म्हणजे आच्छादनाचा मापदंड.

तो मापदंड अमेरिकेतून जसाच्या तसा आणून चालणार नाही. आपल्याकडे ऑक्टोबरात पाहणी केली तर उकिरडाही हिरवा दिसतो. धुपेचा खरा धोका मेअखेर असतो. उन्हाने गवत वाळलेले, काही गुरांनी खाल्लेले, काही वणव्यात गेलेले, आणि पहिला वळीव उघड्या जमिनीवर येतो. म्हणून मोजणी दोनदा हवी. एकदा पावसाळा संपल्यावर आणि एकदा पहिल्या पावसाच्या आधी. त्या दुसऱ्या मोजणीत वाळके गवत, त्याची खोडे, पालापाचोळा, दगडगोटे हे सगळे आच्छादनात धरावे, कारण थेंबाला हिरवे आणि वाळके यांतला फरक कळत नाही. अनेक देशांतले काम सांगते, की आच्छादन साधारण ७० टक्क्यांच्या पुढे गेले की धूप फार खाली येते आणि ४० च्या खाली गेले की झपाट्याने वाढते. नमुना म्हणून जवळचे एखादे राखलेले गायरान घ्यावे. आर्वी, कारंजाकडची गवळाऊ गाय ज्या कुरणांवर वाढली, त्या कुरणांतले पवना, मारवेल, कुसळ हे गवत इथल्या उन्हाला आणि पावसाला ओळखते. आणि मोजणी एका वर्षावर न सोडता सलग पाच वर्षे करावी.

मोजायला फार मोठे यंत्र लागत नाही. उतारावर एक लांब दोरी ताणायची, तिला ठराविक अंतरावर गाठी मारायच्या. प्रत्येक गाठीच्या बरोबर खाली काय आहे ते पाहायचे: गवत, पाला, दगड की उघडी माती. शंभर गाठी पाहिल्या आणि त्यांतल्या तीस उघड्या निघाल्या, तर आच्छादन सत्तर टक्के. गावातली दहावी शिकलेली मुलगी हे करू शकते आणि ग्रामसभेत वाचून दाखवू शकते. ज्या मापाची तपासणी गावाला करता येते, त्या मापाला खोटे बोलणे कठीण जाते.

हे केवळ चंद्रपूर-यवतमाळचे दुखणे नाही. रस्त्यांसाठी मुरूम काढलेले खड्डे आणि गिट्टीच्या खदानी आपल्या वर्धा जिल्ह्यातही आहेत. त्यांच्या कडा दर पावसाळ्यात ढासळतात. कोळशाला निदान नियमांचे जाडजूड पुस्तक आहे. मुरमाच्या खड्ड्याकडे काम संपल्यावर कोणी फिरकत नाही. गाठी मारलेली दोरी तिथेही चालेल.

भारतीय खाण ब्यूरो, नीरी, राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण ब्यूरो, वेस्टर्न कोलफील्ड्स या सगळ्यांची मुख्यालये नागपुरात आहेत. वर्ध्याहून सकाळच्या गाडीने गेले तर दुपारच्या आत चारही दारे पाहून होतात. या चौघांना एका टेबलाशी बसवून वर्धा खोऱ्यासाठी आच्छादनाचा एक मापदंड लिहून घेणे अवघड नसावे. तो लिहिला गेला, म्हणजे खाण सोडून जाणाऱ्याला गाव एक सरळ प्रश्न विचारू शकेल: झाडे किती लावलीत ते राहू द्या, जूनच्या पहिल्या पावसाआधी जमीन किती झाकली, तेवढे सांगा.